ॲक्शन थ्रिलरची टायटल्स कशी करायची: नावांच्या यादीपासून थिएटरमधल्या तपासणीपर्यंत

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या नव्या दिग्दर्शकाचा फोन येतो. सिनेमा तयार आहे, पंधरा दिवसांत सेन्सॉरला द्यायचाय, तेवढी सुरुवातीची टायटल्स करून हवी आहेत. सोबत एखाद्या परदेशी सिनेमाची लिंक असते, 'असं काहीतरी' म्हणून. नावांची यादी अर्धवट असते. संगीत यायचं असतं. नावं कोणत्या दृश्यावर येणार हेच ठरलेलं नसतं, पण कोणीतरी आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडून अक्षरांना ठिणग्या लावायला सुरुवात केलेली असते. शेवटच्या आठवड्यात दोन नावं वाढतात, संगीत अकरा सेकंदांनी कमी होतं आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

चूक कौशल्याची नसते, क्रमाची असते. टायटलचं काम एडिट टेबलावर सुरू होतं. ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर उघडायची वेळ बरीच उशिरा येते. खाली तोच क्रम दिला आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित मराठी थ्रिलर धरून चालू. मुंबईच्या ससून डॉकवर मासळीसाठी येणाऱ्या बर्फाच्या लादीत काहीतरी गोठवून आणलं जातंय आणि लाद्या ओढणारा एक हमाल त्यात अडकतो. बजेट लहान आहे आणि टायटल्स मराठीत आहेत.

## तयारी: हे हातात आल्याशिवाय सुरू करू नका

पहिलं, सिनेमाची निदान पहिली दहा मिनिटं लॉक झालेली हवीत, म्हणजे त्यांच्या संकलनात आता काही बदलणार नाही. 'जवळपास लॉक आहे' याचा अर्थ लॉक नाही.

दुसरं, पडद्याचं माप. स्कोप (जास्त रुंद पडदा) असेल तर २के डीसीपीचं, म्हणजे थिएटरमध्ये चालणाऱ्या डिजिटल प्रतीचं, माप २०४८ × ८५८ आणि ४केचं ४०९६ × १७१६. फ्लॅट (कमी रुंद) असेल तर २केला १९९८ × १०८०. सवयीने १९२० × १०८० मध्ये टायटल्स करून नंतर स्कोपमध्ये बसवली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. लॅटिन अक्षरांत वर-खाली थोडी जागा सुटलेली असते, म्हणून तिथे हे लपून जातं. देवनागरीत लपत नाही.

तिसरं, सिनेमाच्या आधी काय काय दाखवलं जाणार त्याची यादी. सेन्सॉर प्रमाणपत्र, निवेदनं, आभार, संस्थांचे लोगो. सिनेमात तंबाखूसेवनाची दृश्यं असतील तर सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश आणि त्याशिवाय किमान २० सेकंदांचं दृक्-श्राव्य निवेदन द्यावं लागतं. आपल्याकडे आभाराच्या पाट्याही पुष्कळ असतात. म्हणजे तुमचं पहिलं नाव येईपर्यंत प्रेक्षकाने बराच मजकूर वाचलेला असतो आणि त्याचे डोळे दमलेले असतात. पहिलं नाव येण्याआधी पाच-सहा सेकंद निव्वळ चित्र आणि आवाज ठेवायचा तो याच कारणाने.

सावध: टायटल्सच्या दृश्यांत सिगारेट दाखवू नका. तंबाखू पडद्यावर असेपर्यंत खाली इशाऱ्याची ओळ ठेवावी लागते आणि ती नेमकी तुमच्या नावांच्या जागेत घुसते. खलनायकाचा धूर कितीही देखणा दिसला तरी तो सिनेमाच्या पोटात ठेवा.

## टप्पा १: टायटल्स कुठे बसणार ते ठरवा

तीन मुख्य पर्याय आहेत. नावं चालू दृश्यावर येतात. किंवा आधी एक छोटा, दणकेबाज प्रसंग होतो आणि मग स्वतंत्र टायटल्स सुरू होतात. किंवा सुरुवातीला फक्त सिनेमाचं नाव येतं आणि बाकी सगळी नावं शेवटी जातात.

निवड करताना एकच प्रश्न विचारा: पहिल्या प्रसंगानंतर प्रेक्षकाला श्वास घ्यायला वेळ द्यायचा आहे की नाही? प्रसंग गोंगाटाचा असेल, पाठलाग असेल, गोळीबार असेल, तर त्यामागून येणारी टायटल्स शांत हवीत. प्रसंग शांत आणि अस्वस्थ करणारा असेल तर टायटल्सनी वेग घ्यावा. दोन्हीकडे एकच पट्टी लागली की प्रेक्षकाला पुढे कुठे जातोय ते कळत नाही आणि पहिली मारामारी फुकट जाते.

चालू दृश्यावर नावं टाकायची असतील तर संवाद नसलेलं दृश्य निवडा. माणूस एका वेळी एकतर ऐकतो किंवा वाचतो. महत्त्वाचं वाक्य चालू असताना नाव आलं तर वाक्य आणि नाव दोन्ही वाया जातात.

आपल्या उदाहरणात मी दुसरा पर्याय घेते. पहाटेचा डॉक, ट्रकमागे धावणारा माणूस, त्याला गाठलं जातं, आणि बर्फ फोडायच्या मशीनचा खटका ओढायला हात वर जातो. तिथेच कट. मशीन सुरू झालं की नाही ते दाखवायचं नाही. आधीच्या प्रसंगाचा शेवटचा शॉट असा अपुरा राहिला पाहिजे. हालचाल पूर्ण झाली तर प्रेक्षक खुर्चीत मागे टेकतो, आणि टायटल्स त्याला परत पुढे ओढू शकत नाहीत.

## टप्पा २: नावांची यादी, लेखी आणि सहीनिशी

हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महागडा टप्पा आहे. एक स्प्रेडशीट करा. रकाने असे: अनुक्रम, पद, नाव जसं पडद्यावर हवं तसं, कार्डावर (एका वेळी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात) किती नावं, करारात काही अट आहे का, आणि त्या व्यक्तीने नाव तपासलं ती तारीख.

क्रम साधारण असा चालतो. निर्मिती संस्था आणि प्रस्तुतकर्ते, प्रमुख कलाकार, सिनेमाचं नाव, उरलेले कलाकार, मग तंत्रज्ञ: वेशभूषा, रंगभूषा, कला दिग्दर्शन, ध्वनी, साहसदृश्ये, संकलन, छायाचित्रण, संगीत. त्यानंतर लेखन, निर्माते आणि सगळ्यांत शेवटी दिग्दर्शक. सिनेमाच्या नावाची जागा थोडी मागे-पुढे होते, दिग्दर्शकाची होत नाही. करारात 'स्वतंत्र कार्ड', 'पहिलं नाव', 'अमुकच्या बरोबरीच्या आकारात' अशा अटी असतात. त्या निर्मात्याकडून आधी काढून घ्या. साहसदृश्यांच्या दिग्दर्शकाला स्वतंत्र कार्ड द्या, करारात नसलं तरी. ॲक्शन सिनेमात त्या माणसाचं नाव चार नावांच्या गर्दीत टाकणं मला पटत नाही.

नावांचं लेखन ज्याचं त्याने ठरवायचं. सुनील की सुनिल, कीर्ती की किर्ती, हे व्याकरणाच्या नियमाने सुधारायला जाऊ नका. माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसंच पडद्यावर गेलं पाहिजे.

माझ्या सुरुवातीच्या एका सिनेमात 'कऱ्हाडे' हे आडनाव पडद्यावर 'कर्हाडे' असं उमटलं. यादीत बरोबर होतं. स्टुडिओतल्या संगणकाने अर्धा र उचलून ह च्या डोक्यावर रफार करून ठेवला आणि तपासताना माझ्याही नजरेतून सुटलं. ते सहायक ध्वनी संयोजक आईवडिलांना गावाहून प्रीमियरला घेऊन आले होते. नाव आलं तेव्हा वडिलांनी टाळी वाजवली, आणि मुलाने मान खाली घातली. तेव्हापासून रेंडर झालेल्या प्रत्येक कार्डाचा फोटो मी त्या-त्या माणसाला पाठवते आणि 'बरोबर आहे' असं उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.

तपासा: नावं पीडीएफमधून किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फायलीतून कॉपी करू नका. श्री-लिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची अक्षरं बदलतात. प्रत्येक नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा आणि दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

## टप्पा ३: वेळेचं गणित

यादी हातात आली की चित्राचा विचार करण्याआधी फ्रेम मोजा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. मी एका नावाच्या कार्डाला ७२ फ्रेम देते, दोन नावांच्या कार्डाला ८४ आणि तीन नावांच्या कार्डाला ९६. दोन कार्डांमध्ये १२ फ्रेमची मोकळी जागा. हे आकडे कायद्याचे नाहीत, हाताखालून गेलेल्या कामातून बसलेले आहेत. तुमच्या मनाचे आकडे असतील तर कसोटी एकच: पद आणि नाव दोन्ही हळू आवाजात दोनदा वाचून झाली पाहिजेत.

आपल्या सिनेमात २४ कार्डं आहेत असं धरू. त्यांतली १६ एकेका नावाची, म्हणजे ११५२ फ्रेम. ६ कार्डं दोन नावांची, ५०४ फ्रेम. २ कार्डं तीन नावांची, १९२ फ्रेम. बेरीज १८४८. शिवाय सिनेमाचं नाव ५ सेकंद, म्हणजे १२० फ्रेम. एकूण २५ कार्डांमधल्या २४ मोकळ्या जागांच्या २८८ फ्रेम. सगळं मिळून २२५६ फ्रेम, म्हणजे बरोबर ९४ सेकंद. पहिल्या नावाआधीचे ६ सेकंद आणि दिग्दर्शकाच्या नावानंतरचे ४ सेकंद मिळवले की १०४.

हा आकडा दिग्दर्शकाला आणि संगीतकाराला त्याच दिवशी कळवा. 'दीड मिनिटात बसवा' असं उत्तर आलं, तर प्रत्येक कार्डाच्या फ्रेम कापू नका. काही पदं शेवटच्या नामावलीत हलवा. घाईने पळणारी नावं म्हणजे वेग, असं खूप जणांना वाटतं. वेग मागच्या चित्रात असतो. नाव स्थिरच लागतं.

## टप्पा ४: एक वस्तू, एक हालचाल

इथे बहुतेक जण गर्दी करतात. बंदूक, नकाशा, रक्त, घड्याळ, बोटांचे ठसे, सगळं एकाच दीड मिनिटात. त्यातलं काहीच लक्षात राहत नाही आणि ते कोणत्याही सिनेमाला लागू पडतं.

सिनेमातून एक वस्तू उचला आणि तिला एकच हालचाल द्या. सॉल बास यांनी १९५९च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'साठी नुसत्या तिरप्या रेघा एकमेकींना छेद देत आणल्या, त्यावर नावं सरकवली, आणि शेवटी त्या रेघा एका उंच इमारतीच्या काचा निघाल्या. एवढंच. पण पुढे सापळ्यात सापडणाऱ्या माणसाची गोष्ट त्या जाळीत आधीच बसलेली आहे.

उलट, खरवडलेली, थरथरणारी अक्षरं तुम्ही असंख्य ठिकाणी पाहिली असतील. १९९५च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपर यांनी अक्षरं हाताने खरवडली, कारण त्या टायटल्समध्ये वह्या लिहीत बसलेला खुनी होता आणि ते त्याचं हस्ताक्षर वाटायला हवं होतं. तुमच्या सिनेमात हाताने लिहिणारं कोणी नसेल तर ती खरवड तुमची नाही.

आपली वस्तू बर्फाची लादी. हालचाल: तडा जाणं. कारखान्याच्या लादीचा मधला गाभा दुधट असतो, कारण पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातली हवा मध्यभागी कोंडली जाते. त्या दुधट भागात काहीतरी काळं दिसतंय, पण काय ते कळत नाही. प्रत्येक तड्याबरोबर ते थोडं अधिक दिसतं. शेवटच्या कार्डाला लोखंडी आकडा येतो, लादी फ्रेमबाहेर ओढतो, आणि आपण थेट हमालाच्या हातावर कट करतो.

तपासा: सिनेमा न पाहिलेल्या माणसाला कल्पना दोन वाक्यांत सांगा. तिसरं वाक्य लागलं तर काहीतरी काढून टाका. आणि सिनेमा पाहिलेल्या माणसाला विचारा, यातून शेवट फुटतोय का? थ्रिलरच्या टायटल्सनी दाखवलेली वस्तू प्रेक्षकाला मध्यंतरानंतर आठवावी, आत्ताच उलगडू नये.

## टप्पा ५: अक्षर

मराठी टायटल्स इथे सगळ्यांत जास्त बिघडतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

इंग्रजी थ्रिलरमध्ये मोठी अक्षरं लांब लांब ठेवली की एक थंडपणा येतो. तीच युक्ती देवनागरीवर लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. नाव वाचायला डोळ्याला ते परत जोडावे लागतात. अक्षरांतलं अंतर शून्यावर ठेवा. थंडपणा हवा असेल तर तो फ्रेममधल्या रिकाम्या जागेतून आणि पद व नाव यांच्या वजनातल्या फरकातून आणा. पद बारीक, नाव जरा ठसठशीत.

फाँट निवडताना तो मराठीचा ल आणि श देतो का ते पाहा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात ही मराठी वळणं दिलेली आहेत. कित्येक फाँट आपोआप हिंदी वळण देतात, आणि मराठी वळण भाषेची सेटिंग बदलल्यावरच मिळतं. 'तिरो देवनागरी मराठी' मराठीसाठीच केलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' खुल्या परवान्याचे आहेत. नावांसाठी 'मुक्त'सारखा साधा फाँट पुरतो. कुठलाही फाँट घ्या, परवाना सिनेमासाठी चालतो का ते आधी वाचा.

निवडलेल्या फाँटमध्ये ही ओळ टाइप करून बघा: ज्योत्स्ना, कऱ्हाडे, शार्ङ्गधर, हृषीकेश, वाङ्मय, ॲक्शन. यातलं एकही अक्षर तुटलं, पाय मोडून उभं राहिलं किंवा चौकोन दिसला, तर तो फाँट बाजूला ठेवा. 'ॲ' तर पुष्कळ फाँटमध्ये नसतोच.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीचा दीर्घ ऊकार आणि खालच्या ओळीची दोन मात्रांची 'ऐ'कारी अक्षरं एकमेकांत घुसतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करा.

सिनेमाचं मुख्य नाव मात्र फाँटमधून उचलू नका, ते काढून घ्या. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी काढलेली नावं समोर ठेवून बघा. शब्दाचा अर्थ अक्षराच्या वळणातच असतो, बाहेरून चिकटवलेला नसतो.

आता आपली तड्याची कल्पना अक्षराला कुठे भेटते ते बघा. आपण मराठी लिहिताना आधी अक्षरं काढतो आणि शब्द पूर्ण झाल्यावर वरून रेघ ओढतो. हाताला बालवाडीपासून तीच सवय. पडद्यावर ते उलटं केलं, म्हणजे आधी बर्फात आडवा तडा गेला आणि मग त्या तड्याखाली अक्षरं लटकली, तर वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं. काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. थ्रिलरला हीच अस्वस्थता हवी असते, आणि ती आपल्या लिपीतूनच मिळते.

## टप्पा ६: काळ्या पडद्यावर कच्चा आराखडा

अजून शूटिंग नाही. एडिट टेबलावर काळ्या पार्श्वभूमीवर साधी पांढरी अक्षरं टप्पा ३ च्या वेळेनुसार लावा. खाली संगीताचा कच्चा ट्रॅक टाका. एवढ्यावर दिग्दर्शकासोबत बसा.

संगीतकाराशी ठेक्याची गती ठरवा. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांमध्ये बरोबर १२ फ्रेम येतात. ९६ ला १५, ९० ला १६. पण १०० ठोके घेतले तर १४.४ फ्रेम, आणि कार्डं हळूहळू ठेक्यावरून सरकायला लागतात. १४४० ला पूर्ण भाग जाणारी गती मागा, पुढचे कितीतरी तास वाचतात.

प्रत्येक नाव ठोक्यावर आणू नका. चार-पाच कार्डांनंतर प्रेक्षक पुढचा ठोका ओळखायला लागतो आणि ताण संपतो. ९४ सेकंदांत पाच किंवा सहा जागा निवडा: संगीत ज्याला सुरू होतं ते नाव, सिनेमाचं नाव, एखादं मधलं, दिग्दर्शकाचं. बाकीची कार्डं ठोक्याच्या थोडी आधी किंवा नंतर येऊ द्या.

तपासा: हा काळा आराखडा कंटाळवाणा वाटत असेल तर सजावटीने तो सुधारणार नाही. लांबी, क्रम किंवा संगीत यांपैकी काहीतरी चुकलंय. इथेच थांबून दुरुस्त करा.

## टप्पा ७: तीन नमुना फ्रेम

पूर्ण टायटल्स न करता तीनच स्थिर चित्रं पक्की करा: पहिलं नाव, सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार दोघांची मंजुरी लेखी घ्या. रंग, अक्षराचा आकार, जागा यांवरचा सगळा वाद इथे होऊ द्या. २के स्कोपमध्ये मी नावाची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत ३० ते ३६ पिक्सेल ठेवते, पद त्याच्या साठ टक्के.

## टप्पा ८: चित्रीकरण

लादीला मागून दिवा, पलीकडे काळं कापड, मॅक्रो लेन्स. लादी आत आणल्यावर पृष्ठभाग धुरकट दिसतो. पाणी सुटायला लागलं की ती काचेसारखी होते, तिथून पुढे खरं काम. कोमट पाण्याची धार सोडली की तडा आत पळतो, पण कुठे पळेल ते सांगता येत नाही. म्हणून दोन लाद्या पुरत नाहीत, सात-आठ मागवा. आडवा जाणारा तडा दहात एखादाच मिळेल. उरलेले कॅमेरा फिरवून आडवे करता येतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेमवर शटर १७२.८ अंश, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला की साध्या दिव्यांची फडफड दिसत नाही. तडा संथ दाखवायला जास्त फ्रेमवर शूट कराल तेव्हा मात्र फडफड न करणारा एलईडी दिवा वापरा आणि आधी चाचणी घ्या. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते.

प्रत्येक शॉटमध्ये नावासाठी शांत जागा सोडा. मासळीचे खवले, ओल्या लोखंडाची चमक, पाण्याचे थेंब, यांवर पांढरं नाव हरवतं.

तड्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, माइक लादीच्या अगदी जवळ धरून. कुठल्याही साउंड लायब्ररीत तो इतका खरा मिळणार नाही.

## टप्पा ९: हालचाल आणि जोडणी

आता सॉफ्टवेअर उघडा. आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारं टेक्स्ट इंजिन निवडलंय ना ते बघा. त्याशिवाय जोडाक्षरं नीट बसत नाहीत.

अक्षराअक्षराने येणारे तयार ॲनिमेशन वापरू नका. त्यात आधी 'क' येतो, मग त्याची वेलांटी, मग अनुस्वार. 'ज्योत्स्ना'चे तर तुकडे तुकडे होतात. अख्खा शब्द एकत्र हलवा. तुकड्यांत आणायचाच असेल तर अक्षरांचे आकार करून मात्रा आणि जोडाक्षरांसह हाताने गट पाडा: ज्यो, त्स्ना. आकार करण्याआधी नाव तपासून आलंय ना ते पुन्हा बघा, कारण त्यानंतर टाइप करून दुरुस्ती होत नाही.

नाव कुठे ठेवायचं ते आधीच्या शॉटवरून ठरतं. प्रेक्षकाची नजर जिथे असते तिथेच किंवा हालचालीच्या दिशेने थोडं पुढे नाव यावं. तडा डावीकडून उजवीकडे पळाला, तर नाव त्याच्या उजव्या टोकाला. प्रत्येक कार्डाला नजर पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पळवली तर प्रेक्षक नाव शोधण्यातच वेळ घालवतो, आणि स्कोपचा पडदा रुंद असतो.

कडेपासून अंतर ठेवा. मजकूर फ्रेमच्या मधल्या ९० टक्क्यांतच. महोत्सवाला इंग्रजी उपशीर्षकं जाणार असतील तर खालचा भाग त्यांच्यासाठी मोकळा ठेवा.

अक्षरांचा पांढरा रंग पूर्ण पांढरा ठेवू नका. अंधाऱ्या थिएटरमध्ये तो पसरतो आणि बारीक काने जाड दिसतात. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आणा.

सावध: झटपट उजेड-अंधार करणाऱ्या फ्लॅशचा मोह ॲक्शन टायटल्समध्ये फार होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतात. गडद लाल फ्लॅश आणखी धोक्याचे. मोजून घ्या.

## टप्पा १०: आवाज

पहिला तडा, मग शांतता. शांततेत पाण्याचा एक थेंब. संगीत पहिल्या नावाबरोबर नको, दुसऱ्या किंवा तिसऱ्या नावाला येऊ द्या.

अक्षर उमटणं आणि तड्याचा आवाज एकाच फ्रेमवर बसवा. आवाज चित्राआधी आला तर लगेच खुपतो. एखादी फ्रेम मागे पडला तर चालतं. अंतिम मिक्सला ध्वनी संयोजकासोबत तुम्ही स्वतः बसा. तुमची निवडलेली पाच-सहा ठिकाणं त्यांना माहीत नसतात.

## टप्पा ११: सुपूर्त करणं

अक्षरांचा थर पारदर्शक पार्श्वभूमीसह वेगळा द्या, प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये. मागचं चित्र वेगळं. असं केलं की रंगसंस्कार चित्रावरच होतात आणि तुमची पांढरी अक्षरं निळी-हिरवी होत नाहीत. अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, सरळ आहे की पार्श्वभूमीत मिसळलेला, हे फायलीच्या नावातच लिहा. चुकलं तर अक्षरांभोवती काळी कड दिसते.

चित्रपटगृहासाठी २४ फ्रेम. फाइल २३.९७६ मध्ये गेली तर आवाज हळूहळू घसरतो. ओटीटीला काय हवं ते लेखी विचारा. अक्षरं नसलेली पूर्ण प्रतही द्या. सिनेमा हिंदीत डब झाला की ती लागतेच, आणि तेव्हा मूळ प्रोजेक्ट सापडत नाही.

## टप्पा १२: थिएटरमधली तपासणी

संगणकाच्या पडद्यावर पास केलेली टायटल्स पास झालेली नसतात. डीसीपी एकदा खऱ्या थिएटरमध्ये लावा आणि तीनदा पाहा. पहिल्यांदा शेवटच्या रांगेत बसून: नावं वाचता येतात का? दुसऱ्यांदा पहिल्या रांगेच्या टोकाला: नजर कुठे कुठे पळते? तिसऱ्यांदा यादी हातात घेऊन, बारीक टॉर्चच्या उजेडात, प्रत्येक नावापुढे खूण करत.

तिसऱ्या फेरीला आधीच्या कामात नसलेला माणूस सोबत घ्या. तुम्ही ती नावं इतक्यांदा वाचलेली असतात की आता डोळे अक्षरं वाचत नाहीत, आठवणीतून भरून काढतात. चूक सापडली तर ती कितीही छोटी असो, डीसीपी परत करून घ्या. त्यासाठी प्रदर्शनाआधी किमान चार दिवस हातात राखून ही तपासणी लावायची. ती तारीख पहिल्याच दिवशी, नावांच्या यादीबरोबर, निर्मात्याकडून लिहून घ्या.